छत्तिसावा दिवस

"३५ दिवसांत सुटेल ना हो दारू?" माणसाला दाखल करायला आलेल्या घरच्यांचा हा ठरलेला प्रश्न. वर्षानुवर्षं सोसलेल्या बाईनं तो विचारावा यात नवल नाही. पुण्यात येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात निवासी उपचार ३५ दिवसांचे आहेत. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकारानं हे केंद्र सुरू झालं.

एवढ्या दिवसांत होतं काय? आधी शरीराचं बघावं लागतं. रोज पिणाऱ्यानं दारू एकदम थांबवली की काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर काहींना भास होतात, अंगावर किडे चढताना दिसतात, आपण कुठे आहोत हेच कळत नाही. यात जीवही जाऊ शकतो. म्हणूनच 'खोलीत कोंडा, चार दिवसांत उतरेल' हा सल्ला मला भयंकर वाटतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व मिळालं, तर हा धोका पुष्कळ कमी होतो. गर्द थांबवल्यावर होणारा त्रास, म्हणजे 'टर्की', वेगळी. हाडं ठणकतात, नाक वाहतं, उलट्या-जुलाब होतात. साधारण आठवड्यात ती ओसरते.

मग येतात बोलण्याचे दिवस. गटात बसायचं आणि आजवर दडवलेलं सगळ्यांसमोर सांगायचं. समोरच्या कार्यकर्त्यांपैकी कित्येक स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले, त्यामुळे थापा चालत नाहीत.

पण आत गुत्ता नसतो, पगाराचा दिवस नसतो, जुने मित्र नसतात. छत्तिसाव्या दिवशी हे सगळं दारात उभं असतं. गर्द घेणाऱ्याला तर वेगळाच धोका. महिनाभर न घेतल्यानं शरीराची सवय मोडलेली असते. अशा वेळी त्यानं जुनाच डोस घेतला, तर श्वास थांबू शकतो. हे घरच्यांना दाखल करतानाच सांगायला हवं.

घरीही तयारी लागते. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेली बाटली आधी काढायची. पगार कुणाच्या हाती द्यायचा, संध्याकाळी कुठल्या रस्त्यानं यायचं, हे बोलून ठरवायचं. फॉलोअप चुकवायचा नाही. घसरलाच, तर 'पैसे पाण्यात गेले' म्हणण्याआधी त्याला परत घेऊन जायचं.

मुक्तांगणमध्ये दाखल झालेल्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, आणि मला तो उपचाराचा गाभाच वाटतो. नवरा आत असतो तेव्हा बायकोला कित्येक वर्षांनी शांत झोप लागते. तो परतायच्या आदल्या रात्री मात्र ती पुन्हा टक्क जागी असते. तिची ती रात्रही उपचारात धरायला हवी.