गाणं विकलं की गहाण ठेवलं?

मागच्या भागात आपण जुन्या रेकॉर्डिंगबद्दल बोललो. आजचा विषय माझ्या पोटाचा आहे, तेव्हा थोडं घरचं बोलणं होईल.

मी मूळची बडोद्याची. गेली बारा वर्षं बंगळुरूत राहते, गिटार वाजवते, स्वतःची गाणी लिहिते आणि गाते. नात्यातल्या कुठल्याही लग्नाला गेले की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘ते ठीक आहे, पण पोटापाण्यासाठी काय करतेस?’ दुसरा, ‘टीव्हीवरच्या स्पर्धेत का जात नाहीस? एकदा स्टार झालीस की सुटलीस!’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आज एकत्रच देते. त्यात मी केलेली एक मोठी चूकही आहे, कारण ती सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

स्वतंत्र म्हणजे कोणापासून?

आपल्याकडे सिनेमासाठी न केलेल्या संगीताला सरसकट ‘इंडिपेंडंट’ म्हणतात. पण गाणाऱ्याला कोण पोसतं, हा प्रश्न जुनाच आहे. आमच्या बडोदा संस्थानात ‘कलावंत कारखाना’ नावाचं खातंच होतं. गवई, बजवय्ये, नर्तकी पगारावर असत आणि त्यांना नियमही लागू असत. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, मौलाबक्षांनी तिथे गायनशाळा चालवायला घेतली. पुढे उस्ताद फैयाज खाँसारखा गवई त्या दरबारात होता. तेव्हा आश्रयदाता एकच असे. नंतर आकाशवाणी आली, सिनेमा आला, कॅसेट कंपन्या आल्या.

आज माझ्यासारखीला एकही मोठा आश्रयदाता नाही, पन्नास छोटे आहेत. शुक्रवारी कॅफेचा मालक, शनिवारी संगीत ठेवणारं लग्नघर, सोमवारी आयटी कंपनीचा वर्धापनदिन आणि मंगळवार-गुरुवार ऑनलाइन गिटार शिकणारी सात मुलं. यातला एक रुसला तरी घर चालतं, हे स्वातंत्र्य. सगळे एकदम रुसले तर काय होतं, ते पुढे सांगते.

एका संध्याकाळचा हिशेब

कॅफेतल्या कार्यक्रमाला आम्ही ‘गिग’ म्हणतो. गेल्या महिन्यातला एक गिग घ्या. आम्ही तिघं होतो. मी, बास वाजवणारा आणि कहोन वाजवणारी. कहोन म्हणजे ज्यावर बसून हातांनी ठेका धरतात तो लाकडी खोका. ठरलेली रक्कम १५,००० रुपये.

त्यातून दहा टक्के टीडीएस कापला, उरले १३,५००. सामानासकट जाण्या-येण्याच्या टॅक्सीचे १,४०० आणि तालमीच्या खोलीचं दोन तासांचं भाडं १,००० गेले. उरले ११,१००, तिघांत प्रत्येकी ३,७००. कापलेला कर विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकतो, पण त्याला वेळ लागतो. आणि हे ३,७०० त्या रात्री हातात येत नाहीत. बिल पाठवायचं, मग ‘अकाउंट्सवाले रजेवर आहेत’ ऐकायचं. पंचेचाळीस दिवसांत पैसे आले तर तो मालक भला माणूस.

वेळेचाही हिशेब मांडू. पाच वाजता सामान पोचवायचं, सहाला साउंड चेक. आठ ते सव्वादहा चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन सेट. खुल्या गच्चीवर असेल तर दहाच्या आत संपवावं लागतं, कारण रात्री दहा ते सकाळी सहा बाहेर लाउडस्पीकरला बंदी आहे. घरी पोचायला बारा. म्हणजे सव्वादोन तासांच्या गाण्यासाठी सात-आठ तास. महिन्याला असे आठ गिग मिळाले तर हातात २९,६०० पडतात. बंगळुरूतलं घरभाडं तुम्हाला माहीत असेलच.

आणि काय गायचं? पहिल्या सेटमध्ये माझी तीन गाणी बसतात. दुसऱ्यापासून टिश्यू पेपरवर फर्माइशी यायला लागतात. पूर्वी याचा राग यायचा. आता वाटतं की दिवसभर राबून आलेल्या माणसाला ओळखीचं गाणं हवं असेल, तर त्यात गैर काय? मी त्याची दोन गाणी गाते आणि मध्ये माझं एक सरकवते. नऊ वाजेपर्यंत एखाद्या टेबलावरच्या गप्पा थांबतात. ते एक टेबल त्या रात्रीची माझी कमाई.

एकाच हौदातलं पाणी

‘पण गाणी ऑनलाइन असतात ना, त्याचे पैसे?’ असतात. ते कसे येतात, ते नीट समजून घ्या.

पुष्कळांना वाटतं की आपण गाणं ऐकलं की आपल्या वर्गणीतला वाटा त्या गायकाला जातो. तसं नसतं. बहुतेक सेवा सगळी वर्गणी आणि जाहिरातींचं उत्पन्न एका हौदात ओततात. मग महिन्याभरात एकूण किती गाणी वाजली आणि त्यात तुमची किती, या प्रमाणात वाटप होतं. माझी बडोद्याची मावशी पैसे भरून ॲप वापरते आणि हट्टाने फक्त भाचीची गाणी ऐकते. तरी तिचे पैसे हौदातच जातात आणि त्यातले बहुतेक, ज्यांची गाणी तिने कधी ऐकलीही नाहीत अशा मोठ्या नावांकडे जातात. भर म्हणजे २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळा वाजलं नसेल, तर त्या रेकॉर्डिंगला काहीच वाटा नाही.

म्हणून माझ्यासाठी ऑनलाइन गाणं म्हणजे दुकानाची पाटी. पाटी पाहून माणूस आत येतो, धंदा आत होतो, म्हणजे गिगमध्ये.

स्टार घडतो कसा?

आता दुसरा प्रश्न. आपल्या देशात पॉपस्टार ही चीज कुठून आली? नव्वदच्या दशकात केबल टीव्ही घरोघरी पोचला. संगीत वाहिन्यांना गाण्यांचे व्हिडिओ हवे होते, कंपन्या पैसा घालायला तयार होत्या. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं, १९९६ मध्ये लकी अलींचा ‘सुनो’. माझ्या पिढीला वाटलं, आता सिनेमाशिवायही गाता येईल. पण काही वर्षांत ती लाट ओसरली. व्यापाराच्या नजरेने पाहा. सिनेमाच्या गाण्याची जाहिरात सिनेमाच करतो, नट फुकट मिळतो. नव्या गायकाच्या प्रत्येक गाण्याला मात्र शून्यापासून खर्च. कंपन्यांनी सोपी वाट धरली.

याआधीही एक वेगळी वाट होती. गोव्यात रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली घरीच चार ट्रॅकच्या मशिनवर ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट केली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी नेऊन दिली. आज आम्ही करतो ते तेच आहे, स्कूटरच्या जागी फोन आला आहे. फोनची ताकद मोठी आहे, हे कबूल. २०१९ च्या अखेरीस बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत प्रतीक कुहाडचं गाणं आलं. २०२४ मध्ये हनुमानकाइंडचं ‘बिग डॉग्ज’ अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट हंड्रेडमध्ये पोचलं आणि त्याच वर्षी संजू राठोडची मराठमोळी ‘गुलाबी साडी’ माझ्या कन्नड शेजारणीच्या मुलीने मलाच नाचून दाखवली.

पण अशी नावं घेताना एक गोष्ट विसरू नये. जे गाणं चाललं ते आपल्याला दिसतं. त्याच दिवशी आलेली बाकीची गाणी कुठे आहेत, ते कोणी विचारत नाही.

माझं गाणं, दुसऱ्याच्या तोंडी

आता माझी चूक. २०१९ च्या पावसाळ्यात बडोदं बुडालं होतं. विश्वामित्री वस्तीत शिरली, तिच्यासोबत मगरी रस्त्यावर आल्या. मी तेव्हा घरीच होते. गच्चीवर बसून मी नदीवर एक हिंदी गाणं लिहिलं. आपल्या घरात आगंतुकासारखी आलेली आणि खरं तर आपणच जिच्या घरात राहतो अशी नदी. गिगमध्ये त्या गाण्यालाच ते एक टेबल गप्प व्हायचं.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. माझे पन्नासच्या पन्नास मालक एकाच आठवड्यात रुसले. ऑगस्टमध्ये बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्याच सुमारास एका संगीत कंपनीचा फोन आला. नदीचं गाणं हवंय, दोन लाख देतो, सगळे हक्क आमचे. करार अकरा पानी होता. मी पहिलं आणि शेवटचं वाचलं आणि सही केली.

आईने एवढंच विचारलं, “गाणं विकलंस की गहाण ठेवलंस?” मी म्हटलं, विकलं. ती म्हणाली, “मग सुटता येणार नाही.”

बाबा बरे झाले. त्या पैशाबद्दल मला कधी पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही.

२०२३ मध्ये एका कॉलेजच्या महोत्सवात आम्हाला मुख्य गायकाच्या आधी वाजवायला बोलावलं. त्याच्या साउंड चेकला दोन तास लागले, आम्हाला दहा मिनिटं मिळाली. आमचं वाजवून झाल्यावर मी विंगेत थांबले. त्याला १०१ ताप होता. माणूस वाफ घेत होता, बोलत नव्हता. त्याच्याबरोबर चाळीसेक माणसं होती. वादक, नाचणारे, लाइटवाले, गाड्यावाले. तो आजारी म्हणून थांबला तर या सगळ्यांची त्या दिवसाची रोजी बुडणार. कानातल्या मॉनिटरमध्ये टिकटिक चालू, लाइट आणि पडद्यावरची चित्रं तिच्याशी बांधलेली. लोकांना एक कडवं पुन्हा हवं असलं तरी त्याला मागे फिरता येत नव्हतं.

आणि पाचव्या नंबरला त्याने माझं गाणं सुरू केलं. नदीची आता मुलगी झाली होती. चाल मात्र तीच होती, गच्चीवरची. हजारो मुलं ध्रुवपद म्हणत होती. माझ्या शेजारच्या कहोनवालीने माझा हात घट्ट धरला. मला रडू आलं ते आनंदाने की कशाने, ते अजून ठरवता आलेलं नाही.

कायदा काय सांगतो

परतीच्या गाडीत बासवाल्याने विचारलं, “रॉयल्टी येते ना?” मी म्हटलं, सगळे हक्क विकले. त्याने कपाळावर हात मारला.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार गीतकार आणि संगीतकाराने हक्क दिले, तरी गाण्याच्या पुढच्या वापरावरचा रॉयल्टीतला समान वाटा त्याचाच राहतो. तो वाटा फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, कंपनीला नाही. करारात उलट लिहिलं असलं तरी ते कलम टिकत नाही. म्हणजे आईचा प्रश्न माझ्यापेक्षा शहाणा होता. माझं गाणं पुरतं विकलं गेलंच नव्हतं.

मग तीन वर्षं पैसे का आले नाहीत? कारण मागणारं कोणी नव्हतं. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी सोसायटी म्हणजे आयपीआरएस. ती १९६९ पासून आहे. मी सभासदच नव्हते. माझ्या नावावर गाण्याची नोंद नसेल, तर पैसा कोणाला द्यायचा हे तिला कळणार कसं?

मी सभासद झाले, गाण्याची नोंद केली. पहिल्या विवरणात ६,३४० रुपये आले. म्हणजे कॅफेतल्या दोन रात्रींच्याही आतले. पण त्या कागदावर गाण्यापुढे माझं नाव होतं.

तुमच्या घरात कोणी गाणी करत असेल तर चार गोष्टी सांगा. करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. गाणं बाहेर काढण्याआधी शब्द कोणाचे, चाल कोणाची, किती टक्के, हे साथीदारांबरोबर लिहून ठेवा. मैत्रीत हे आधीच करतात, नंतर नाही. सोसायटीत नोंद करा. आणि कार्यक्रमात काय गायलात त्याची यादी आयोजकाला द्या, कारण वाटप अशा याद्यांवरच चालतं.

तेव्हा पोटापाण्यासाठी काय करते? हेच करते. स्पर्धेत का जात नाही? मी विंगेत उभं राहून तो ताप पाहिला आहे. ते आयुष्य वाईट नाही, पण ते चाळीस माणसांचं आयुष्य आहे. मला तिघांचं झेपतं.

नदीचं गाणं मी अजून गाते. माझ्या शब्दांतलं, मगरींसकट. गेल्या आठवड्यात एका मुलीने टिश्यूवर फर्माइश पाठवली, त्याच गाण्याची, त्या गायकाचं नाव लिहून. मी ते गायले. संपल्यावर ती जवळ येऊन म्हणाली, “ताई, शब्द चुकलात तुम्ही.”

मी तिला खुर्ची दिली आणि बडोद्याच्या पुराची गोष्ट सांगितली. पुढचा सेट दहा मिनिटं उशिरा सुरू झाला.

भेटू पुढच्या भागात.