हात वर जातो तेव्हा

कंडक्टरचा हात वर जातो आणि खाली येतो. खाली येतो तिथे पहिला सूर वाजतो, हे कुणालाही दिसतं. पण आठ ते अकरा वर्षांच्या चाळीसेक मुलांना एकदम सुरू करायचं असेल, तर खरं काम वर जाणारा हात करतो. तो किती वेगानं वर गेला यावरून लय कळते, किती उंच गेला यावरून आवाज केवढा हवा ते कळतं, आणि मनगट सैल आहे की ताठ यावरून सूर मऊ लावायचा की ठसठशीत, हेही कळतं. एवढं सगळं एका मात्रेत. धाकट्या गटाच्या बाई हात वर नेताना नाकानं मोठ्यानं श्वास घेतात, मागच्या भिंतीशी बसलेल्या आम्हा पालकांनाही ऐकू येईल इतका. काही आठवड्यांत मुलंही त्यांच्याबरोबर तसाच श्वास घ्यायला लागतात, आणि त्यानंतर सगळे गज तारांवर एकाच वेळी पडायला लागतात.

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला एका हायस्कूलच्या इमारतीत दर शनिवारी सकाळी हा युवा वाद्यवृंद भरतो. गट तीन. धाकट्या गटात फक्त तंतुवाद्यं. मधल्या गटातही तंतुवाद्यंच, पण वादक बारा-चौदा वर्षांचे. आणि थोरल्या गटात ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, टिंपनी यांच्यासकट पूर्ण सिंफनी ऑर्केस्ट्रा. माझी मुलगी मधल्या गटात व्हिओला वाजवते. खुर्च्या आणि स्टँड लावायला पालकांची मदत लागते, म्हणून मी सकाळभर तिथंच असते आणि तिन्ही खोल्यांत बसून बघते.

धाकट्या गटाची पहिली वीस मिनिटं वाद्यं सुरात लावण्यात जातात. थोरल्या गटात ओबो ४४० हर्ट्झचा एक सूर देतो आणि बाकीचे आपापलं वाद्य जुळवून घेतात. इथे बाई स्वतः प्रत्येक स्टँडपाशी जातात, पाऊण किंवा अर्ध्या मापाचं व्हायोलिन हातात घेतात, खुंटी पिळतात, परत देतात. हा वेळ फुकट चालला असं नव्या पालकांना वाटतं. पण त्या फेरीत बाई बरंच काही टिपत असतात: कुणाच्या गजावर राळ इतकी साचली आहे की आवाज खरखरतो, कुणाच्या पट्टीवरच्या बोटांच्या खुणेची चिकटपट्टी सरकली आहे, कुणाचा चेहरा आज उतरलेला आहे. त्यानंतर तासभर त्या कुणाकडे किती वेळा बघणार, हे बहुधा तिथेच ठरतं.

या वयाच्या बहुतेक रचना डी मेजरमध्ये असतात, कारण व्हायोलिनच्या डी आणि ए या तारा मोकळ्या वाजवता येतात आणि दोन्ही तारांवर बोटांची ठेवण सारखीच राहते. तिथे एफ शार्पवर दुसरं बोट तिसऱ्याला चिकटून पडावं लागतं. ते जरा मागे राहिलं की सूर उतरतो, आणि दहा मुलांचा थोडा थोडा उतरला की सगळी खोली दुखऱ्या दातासारखी वाजते. बाईंना तो ऐकू येतो. पहिल्या फेरीत मात्र त्या त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

मला या कामातलं सर्वांत मोठं कसब इथेच दिसतं. एका फेरीत वीस चुका होतात. सेकंड व्हायोलिन दोन मात्रा आधी आत येतात, व्हिओलाचा सूर उतरलेला असतो, चेलोवाल्यांचे निम्मे गज वर तर निम्मे खाली, आणि शेवटच्या ओळीतला एक मुलगा पान उलटायला विसरून कुठेतरी भलतीकडेच पोचलेला. बाई थांबवतात आणि एकच गोष्ट सांगतात: "बार सतरा, सेकंड व्हायोलिन, दोन मात्रा थांबायचं. पेन्सिल." पेन्सिल हा इथला सर्वांत जास्त उच्चारला जाणारा शब्द असावा. प्रत्येक स्टँडवर ती हवीच आणि सांगितलेलं कागदावर उतरलंच पाहिजे, नाहीतर पुढच्या शनिवारी तेच पुन्हा. मग दुसरी फेरी. आता सगळे आत बरोबर येतात, आणि न थांबता, वाजत असतानाच, बाई डावा हात उचलून तर्जनी वरच्या दिशेला करतात. एफ शार्प येतो आहे. निम्म्या मुलांची बोटं पुढे सरकतात. गजांचा प्रश्न त्या दिवशी राहून जातो. तो पुढच्या आठवड्यासाठी ठेवलेला असतो.

आधी लय, मग सूर, मग आवाजाचा पोत, असा त्यांचा क्रम आहे. विसाच्या वीस चुका सांगितल्या तर मुलं एकही सुधारत नाहीत, आणि एकही सांगितली नाही तर चूकच हाताला वळण लावते. या दोन्हींमधली वाट प्रत्येक थांब्याला नव्यानं, दोन-तीन सेकंदांत शोधावी लागते.

मधल्या गटाचे कंडक्टर तरुण आहेत. त्यांनी यंदा गुस्ताव होल्स्टचा 'सेंट पॉल्स स्वीट' घेतला आहे. होल्स्ट १९०५ पासून १९३४ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत लंडनच्या हॅमरस्मिथमधल्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत संगीत शिकवत होता, आणि ही रचना त्यानं त्या शाळेतल्या वाद्यवृंदासाठीच केली. शाळेतल्या मुलींच्या बोटांना काय झेपतं आणि कशात त्यांना रस वाटतो, हे त्याला रोजच्या अनुभवातून माहीत होतं, आणि ते पानापानावर कळतं. शेवटच्या भागात 'द डार्गसन' ही नाचाची जुनी इंग्लिश धून सहा-आठच्या लयीत गरगरत राहते, आणि मध्येच चेलो तीन-चारच्या लयीत 'ग्रीनस्लीव्हज'ची चाल त्यावर चढवतात. दोन्हीकडे एका बारला लागणारा वेळ तोच. पण डार्गसनमध्ये त्याचे दोन भाग पडतात, आणि ग्रीनस्लीव्हजमध्ये तीन.

तबल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ही दीडपट लगेच कळते. पण इथे दोनाचं वजन ठेवणारे एका बाजूला बसलेत, तिनाचं दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये उभा असलेला माणूस एका हातानं दोघांनाही चालवू शकत नाही. दोन मात्रा दाखवल्या तर चेलो कोलमडतात, तीन दाखवल्या तर व्हायोलिन. म्हणून बारला एकच ठोका द्यायचा, हात लहान ठेवायचा, आणि आतली विभागणी मुलांवर सोपवायची. पहिल्या दोन शनिवारी हे साफ विस्कटलं. प्रत्येक वेळी चेलोवाले व्हायोलिनच्या मोहात पडून दोनात मोजायला लागायचे.

मग कंडक्टरनी एक गोष्ट केली. व्हायोलिनवाल्या मुलांना वाद्यं खाली ठेवायला सांगितली, डार्गसनची लय फक्त टाळ्यांनी धरायला लावली आणि चेलोवाल्यांना ग्रीनस्लीव्हज गायला लावलं. मग उलट: चेलो टाळ्या, व्हायोलिन गाणं. त्यानंतर वाद्यं उचलायला सांगून त्यांनी एक बार हात फिरवला, बॅटन स्टँडवर ठेवली आणि चालत खोलीच्या मागच्या टोकाला जाऊन उभे राहिले. मुलांच्या समोर कुणीच नव्हतं. सुरुवातीला माना इकडेतिकडे वळल्या, मग पहिल्या व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवरच्या मुलीकडे, तिच्या गजाकडे सगळ्यांचे डोळे गेले. व्हिओला चेलोकडे बघायला लागले. माझ्या मुलीनं घरी येताना सांगितलं की चेलो काय वाजवतात हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं, आणि ती त्यांच्या शेजारीच बसते.

हात मोठा केला की मुलं मोठ्यानं वाजवतात, आणि मोठ्यानं वाजवलं की लय पळते. आवाज चढत जाणाऱ्या जागी तर हमखास. नवशिका कंडक्टर पळणारी लय आवरायला हात आणखी जोरानं हलवतो, आणि मुलं आणखी पळतात. हे तरुण गृहस्थ नेमकं उलट करतात. लय सुटायला लागली की हात छातीसमोर आणून इतका बारीक करतात की तो दिसायला मुलांना डोळे कागदावरून उचलावेच लागतात. डोळे वर आले की लय आपोआप जागेवर येते.

लॉस एंजेलिसमध्ये राहून युवा वाद्यवृंदाबद्दल लिहायचं तर मुंबईच्या एका माणसाचं नाव घ्यावंच लागतं. मेहली मेहता १९०८ साली मुंबईत जन्मले. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढे ते न्यूयॉर्कला इव्हान गलामियन यांच्याकडे व्हायोलिन शिकले, मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात बार्बिरोलींच्या हाताखाली वाजवलं, आणि पन्नाशी उलटल्यावर, १९६४ मध्ये, लॉस एंजेलिसला येऊन अमेरिकन युथ सिंफनी सुरू केली. १९९८ पर्यंत, म्हणजे नव्वदीला टेकेपर्यंत, ते स्वतः तिच्यासमोर उभे राहत. मैफली विनामूल्य असत. तिथून तयार झालेले वादक अमेरिकेतल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांत बसले. त्यांच्या मुलाचं, झुबिन मेहतांचं, नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे. वडिलांनी तीन दशकांहून जास्त काळ दर मोसमात नव्या तरुण मुलांना पहिल्यापासून घडवलं, ते काम मला त्या कीर्तीच्या तोडीचं वाटतं. २०२४ मध्ये ती संस्था बंद झाली. मला त्याचं फार वाईट वाटलं.

थोरल्या गटात ड्व्होर्झाकची नववी सिंफनी चालली आहे. तो न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक असताना लिहिलेली, डिसेंबर १८९३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये प्रथम वाजलेली. या गटाचे कंडक्टर पन्नाशीचे, स्वतः हॉर्न वाजवणारे. त्यांच्या स्कोअरमध्ये लाल आणि निळ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. एका पानावर वरपासून खालपर्यंत फुंकवाद्यं, पितळी वाद्यं, तालवाद्यं, तंतुवाद्यं अशा ओळींची चळत, आणि ती सगळी नजरेच्या एका फटकाऱ्यात वाचायची. त्यातही क्लॅरिनेट आणि हॉर्न यांच्या कागदावर लिहिलेला सूर आणि प्रत्यक्षात वाजणारा सूर वेगळा. कंडक्टरना एफ ऐकायचा असेल तर एफ-हॉर्नच्या कागदावर तो सी असतो आणि बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या कागदावर जी. सूर चढला कुणाचा हे शोधताना हे रूपांतर डोक्यात चालूच असतं.

मागच्या ओळीतल्या मुलांची अडचण आणखी वेगळी. कंडक्टरपासून बारा मीटरवर बसलेल्या टिंपनीवाल्यापर्यंत आवाज पोचायला सुमारे ३५ मिलिसेकंद लागतात, आणि त्याचा आवाज पुढे यायला पुन्हा तेवढेच. जलद लयीत हा उशीर कानाला चांगलाच टोचतो. हॉर्नचं तर तोंडच मागे, त्याचा सूर भिंतीला आपटून येतो. म्हणून मागच्यांना सांगितलं जातं: पुढचं ऐकून वाजवू नका, बॅटन बघून वाजवा. ज्या मुलांना लहानपणापासून 'ऐका, ऐका' म्हणून शिकवलं, त्यांना हे पटायला महिने लागतात.

दुसरा भाग, लार्गो, पितळी वाद्यांच्या हळुवार, एकावर एक येणाऱ्या स्वरसंघांनी उघडतो. पितळी वाद्यांत हलक्या आवाजात सूर सुरू करणं अवघड. ओठ कच्चे असतील तर सूर फुटतो किंवा येतच नाही. कंडक्टर इथे बॅटन जवळजवळ हलवतच नाहीत. ते ट्यूबाच्या मुलाकडे बघतात आणि श्वास घेतात. या सगळ्या सिंफनीत ट्यूबाला या भागातल्या मोजक्या सुरांपलीकडे काही नाही. तो मुलगा दर शनिवारी ते अवजड वाद्य गाडीतून आणतो, या काही बारांसाठी. झांज वाजवणाऱ्या मुलीची गतही तीच: तिसऱ्या भागात ट्रायँगल, आणि चौथ्यात झांजेचा एकुलता एक ठोका, तोही फार जोरात नाही. ती मोजत असते, तिला मोजता येतं. तरीही त्या ठोक्याच्या एक बार आधी कंडक्टरची नजर तिच्याकडे जातेच. तालमीत एकदाही ही नजर चुकलेली मी पाहिलेली नाही.

मग इंग्लिश हॉर्नची ती प्रसिद्ध सुरावट, खाली तंतुवाद्यं आवाज दाबून धरलेली. ती वाजवणारी सतरा वर्षांची मुलगी पहिल्या काही तालमींत दर मात्रेला बॅटनकडे बघायची आणि ओळ तुकड्यातुकड्यांनी यायची. कंडक्टरनी तिला सांगितलं, "माझ्याकडे बघू नकोस. तुझा श्वास जिथे संपेल तिथे आम्ही थांबू." आणि तंतुवाद्यांना सांगितलं की तिच्या श्वासाकडे कान द्या. त्यानंतर कंडक्टरचा हात तिच्यामागून चालायला लागला. ती ओळीच्या टोकाला जरा रेंगाळली तर हात हवेत तसाच राहतो आणि सगळे व्हायोलिन त्याच्याबरोबर अधांतरी थांबतात.

अनेक ठिकाणी सर्वांत अनुभवी माणसाला थोरला गट मिळतो आणि नुकत्याच शिकून आलेल्याला धाकटा. इथे साठीच्या बाई धाकट्यांकडे आहेत, स्वतःच्या इच्छेनं. मला हे अगदी योग्य वाटतं. थोरल्या गटातली मुलगी चुकली तर काय चुकलं ते तिला बहुतेक वेळा कळलेलं असतं. धाकट्या गटात चूक ओळखणारा कान खोलीत एकच असतो, आणि तो चाळीस कानांत पेरायचा असतो. इंग्लिश हॉर्नची ती मुलगी सात वर्षांपूर्वी त्याच खोलीत अर्ध्या मापाचं व्हायोलिन घेऊन बसली होती.

जूनमध्ये शाळा संपवून मोठी मुलं निघून जातात, त्यामुळे हा वाद्यवृंद दर वर्षी अर्धामुर्धा मोडतो. पुढच्या वर्षी काय वाजवायचं हे कंडक्टर मार्चमध्येच ठरवायला बसतात, आणि आवडीनिवडीच्या आधी हजेरीपट बघतात. यंदा चारांपैकी दोन हॉर्नवादक जाणार आहेत. ड्व्होर्झाकला चार हॉर्न लागतात, बेथोव्हेनच्या आठव्या सिंफनीला दोन पुरतात, म्हणून ती यादीत आली. पण तिच्यात ट्रॉम्बोनला एकही सूर नाही, आणि ट्रॉम्बोनचे तिघेही राहणार आहेत. त्यांच्यासाठी कार्यक्रमाच्या पूर्वार्धात काय घालावं, याचा शोध अजून चालू आहे.