सूचनांचा बंदोबस्त

चोपडा तालुक्यातील केळी-कापसाच्या बागाईतदारास बाजारभावाची वार्ता ज्या मोबाइलवर मिळते, त्याच यंत्रावर कर्जाच्या नि बक्षिसांच्या जाहिराती अहोरात्र येऊन थडकू लागल्या म्हणजे त्यांचा बंदोबस्त करणे अगत्याचे ठरते. नकोशी सूचना क्षणभर दाबून धरली की ती बंद करण्याचा पर्याय समोर येतो. अँड्रॉइडच्या २०२२ सालच्या तेराव्या आवृत्तीपासून तर नव्या अ‍ॅपला सूचनांसाठी आधी परवानगीच मागावी लागते. जाहिरातींचे कॉल व संदेश यांविषयीची नापसंती १९०९ या क्रमांकावर नोंदविता येते. सूचनांबरोबरच डेटाही वाचवायचा असल्यास मोबाइलमधील ‘डेटा सेव्हर’ ही सोय सुरू करावी; तिने पडद्याआड चालणारा डेटाचा अपव्यय आटोक्यात येतो. मात्र भाव कळविणारे अ‍ॅप त्यातून वगळावे, अन्यथा ऐन व्यवहाराच्या वेळी संदेश खोळंबण्याचा संभव असतो.