सदाहरित म्हणजे पान गळतच नाही?

फेब्रुवारीत वर्सोवा मेट्रोला उतरून सात बंगल्याकडे चालत निघालात की वाटेत एखादा देशी बदाम दिसेलच. पानं लालभडक झालेली, वारा आला की पटापट खाली. रीलसाठी एकदम बेस्ट सीन! पण तिथून खाडीकडे वळलात तर तिवरं मात्र पावसाळ्यात होती तशीच हिरवी. जणू त्यांना कॅलेंडरच माहीत नाही.

पानझडी झाडांची पानं गळतात, सदाहरित झाडांची गळत नाहीत, असं आपण शाळेत घोकलेलं असतं. यातलं दुसरं वाक्य चूक. सदाहरित झाडाचीही पानं गळतात, फक्त सगळी एकदम नाही. पटत नसेल तर आंब्याखाली रोज झाडू मारणाऱ्या मावशींना विचारा.

पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, पण त्यातून पाणीही सतत उडून जातं. युरोपातली झाडं पानं टाकतात ती थंडीमुळे. आपल्याकडे कारण आहे कोरडे महिने. पाऊस गेला, जमिनीतलं पाणी आटत चाललं की पळस, पांगारा, काटेसावर ही मंडळी पानांतलं नायट्रोजनसारखं कामाचं द्रव्य आधी फांदीत ओढून घेतात. मग देठाच्या बुडाशी पेशींचा कमकुवत थर तयार होतो आणि पान सुटतं. शिवाय उघड्या फांदीवरची लाल-केशरी फुलं पाखरांना लांबून दिसतात. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जाऊन बघाच.

मग तिवरांचं काय? पाय तर कायम पाण्यात. पण ते पाणी खारं! बरंचसं मीठ मुळंच अडवतात, उरलेलं पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर पडतं. पान चाटलंत तर खारट लागेल (खाडीचं पाणी बघता रिस्क तुमची). एवढा खर्च करून बनवलेली जाड, चिवट पानं उन्हाळा आला म्हणून एकदम फेकून देणं परवडत नाही. जुनं झालेलं एकेक पान सोडायचं, नवं धरायचं. हे वर्षभर चालतं.

खरी गंमत पुढे आहे. चिखलात पडलेलं पान खेकडे बिळात ओढून नेतात. उरलेलं बुरशी आणि जिवाणू कुजवतात, आणि त्यावर कोळंबीची पिल्लं पोसली जातात. पानझडी जंगलात हा माल येतो तो मुख्यतः एका मोसमात. इथली मेस बारा महिने चालू. वर्सोवा कोळीवाड्यातल्या चिंबोरीच्या कालवणाची सुरुवात अशी एका पिवळ्या पडलेल्या पानापासून होते.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरांच्या तोडीला चाप लावला आणि २०१८ च्या निकालात तो कायम ठेवला. सार्वजनिक कामासाठीही कोर्टाची परवानगी लागते. वर्सोवा-भाईंदर किनारी रस्त्यासाठी ४५ हजारांहून जास्त तिवरं तोडायला डिसेंबर २०२५ मध्ये तशी परवानगी मिळाली. बदल्यात नवी झाडं लावायची आहेतच. रस्ता हवा की नको, यावर कट्ट्यावर खुशाल भांडा. लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये आपणही लटकतोच. पण ‘एक तोडलं, दुसरं लावलं’ असं कुणी म्हणालं, तर एवढंच विचारा : ते दुसरं झाड कुठलं, आणि त्याचं पान पडणार कुठे?