नशीब कीं निष्काळजीपणा?

त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील हरसूल हें डोंगराळ मुलखांतील बाजाराचें गांव. भातकापणी आटोपली, कीं या भागांतील कित्येक मजूर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामास उतरतात. पुष्कळदां हा प्रवास पिकअपच्या उघड्या हौद्यांत उभ्यानेंच होतो. समजा, एखाद्या वळणावर अशी गाडी उलटली आणि एका मजुराचा पाय कायमचा गेला. लोक म्हणतील, नशीब त्याचें! गाडीमालक चार नोटा हातावर ठेवील आणि उपकार केले असें मानील. कायद्याच्या दृष्टीनें मात्र हें नशीबही नव्हे आणि उपकारही नव्हेत.

कायदा तीन प्रश्न विचारतो. दुसऱ्यास इजा होऊं नये म्हणून काळजी घेण्याचें बंधन कोणावर होतें? तें त्यानें मोडलें काय? आणि इजा झाली ती त्यामुळेंच काय? तिन्हींचें उत्तर ‘होय’ असें आलें, म्हणजे भरपाई हा हक्क ठरतो.

या विषयाची एकच संहिता भारतांत नाहीं. न्यायालयांच्या निकालांतून तो घडत आला आहे. 1953 च्या मे महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेत येथें समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचें हाड मोडलें. त्यास पुण्यास एका शल्यवैद्याच्या रुग्णालयांत नेण्यांत आलें; तेथेंच तो दगावला. पुरेशी भूल न देतां जोर लावून हाड बसविलें, त्या धक्क्यानें मृत्यु ओढवला, असें न्यायालयांनीं ठरविलें व 3,000 रुपये भरपाई दिली. सर्वोच्च न्यायालयानें 1968 सालीं हा निकाल कायम केला. रोगी हातीं घ्यावा कीं नाहीं, उपचार कोणता करावा आणि तो कसा करावा, या तिहींत वैद्यानें वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, असें त्या निकालानें सांगितलें. रोगी बरा करण्याची हमी कायदा मागत नाहीं. वाजवी काळजी मात्र मागतो. ही गोष्ट ठरण्यास पंधरा वर्षें लागलीं.

रस्त्यावरील अपघातासाठीं वाट त्याहून सोपी आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याखालीं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करतां येतो. अपघात गुजरातेंत झाला, तरी हरसूलच्या रहिवाशास नाशिक येथें दाद मागतां येते. चालकाचा दोष सिद्ध केल्यास गेलेली मजुरी, उपचारांचा खर्च व कायमचें अपंगत्व हीं सर्व हिशेबांत धरलीं जातात. दोष सिद्ध न करतांही मृत्यूबद्दल 5 लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागण्याची सोय आहे. धडक देऊन पळालेलें वाहन सांपडलेंच नाहीं, तर या रकमा अनुक्रमें 2 लाख व 50 हजार होतात. अर्ज सहा महिन्यांच्या आंत करावा, हेंच शहाणपणाचें. 2019 च्या दुरुस्तीनें तशी मुदत घातली आहे.

परंतु हरसूलच्या मजुरापुढें खरी अडचण निराळीच आहे. मालवाहू गाडींत निव्वळ प्रवासी म्हणून बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें 2002 सालीं ठरविलें. कांहीं प्रकरणांत कंपनीनें आधीं रक्कम द्यावी व मग मालकाकडून वसूल करावी, असे आदेश होतात. पण त्याचा भरंवसा धरतां येत नाहीं. एरवीं भार एकट्या मालकावर पडतो. आणि त्याच्यापाशीं कांहीं नसेल, तर निकाल हातीं येतो, पैसा येत नाहीं.

म्हणून बागाईतदारानें मजुरांसाठीं प्रवासी वाहन ठरविणें, ही केवळ सौजन्याची बाब नव्हे. अपघात झालाच, तर पोलिसांतील फिर्याद, जागेचा पंचनामा, रुग्णालयाचे कागद व मजुरीचा कांहीं लेखी पुरावा हीं चार साधनें जपून ठेवावींत. चार नोटा घेऊन कोऱ्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वीं जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें. स्त्रियांना, अनुसूचित जमातींच्या लोकांना व औद्योगिक कामगारांना तेथें विनामूल्य वकील मिळतो. हरसूलच्या आदिवासी मजुरास त्यासाठीं उत्पन्नाचा दाखलाही लागत नाहीं.