ब्लॅक लिकरचे मोल

कागद कारखान्यात नव्याने रुजू झालेल्या रसायन अभियंत्याच्या कानावर पहिल्याच आठवड्यात तीन नावे पडतात : व्हाइट लिकर, ब्लॅक लिकर आणि ग्रीन लिकर. त्यांच्या जोडीला व्हाइट वॉटर हे चौथे नाव असते. त्याचा व्हाइट लिकरशी काही संबंध नाही. व्हाइट लिकर म्हणजे कातडी भाजून काढणारे तीव्र अल्कली, तर व्हाइट वॉटर म्हणजे तंतूंच्या कणांनी दुधाळ झालेले पाणी. यातला एकही द्रव ग्राहकाच्या नजरेस पडत नाही. वहीच्या पानावर त्यांचा मागमूस नसतो. तरीही कारखाना नफ्यात चालणार की शेजारची नदी नासवणार, हे ठरते ते यांच्यावर, आणि त्यातही सर्वाधिक ब्लॅक लिकरवर.

कागद बनवणे हे मुख्यतः काढून टाकण्याचे काम आहे. आधी लाकडातून लिग्निन काढायचे, मग लगद्यातून पाणी. निलगिरी असो, बांबू असो, उसाचे चिपाड असो की गव्हाचे काड, प्रत्येकात सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना एकमेकांशी घट्ट चिकटवून ठेवणारे लिग्निन असते. लाकडात त्याचे प्रमाण साधारण पाव हिस्सा भरते. झाड ताठ उभे राहते ते त्याच्या जोरावर, आणि कागदवाल्याला नको असते तेही तेच. तंतूची लांबी हा दुसरा मुद्दा. निलगिरी-सुबाभळीचा तंतू जेमतेम एक मिलिमीटरचा, पाइनचा सुमारे तीन मिलिमीटरचा, आणि बांबूचा या दोहोंच्या मधला. पाइनची मुबलक जंगले नसलेल्या आपल्या देशात कागदाला बळकटी देणारा लांब तंतू बांबूनेच पुरवला. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरला १९४५ साली कागद गिरणीची कंपनी उभी राहिली, त्यामागे भोवतालची बांबूची जंगले होती.

लिग्निन न काढताही कागद होतो. जर्मनीत सॅक्सनीमधल्या फ्रीडरिश केलर याने १८४०च्या दशकात लाकडाचा ओंडका ओल्या दगडावर घासून लगदा काढून दाखवला. या यांत्रिक लगद्यात लाकडाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग कागदात उतरतो, म्हणून तो स्वस्त पडतो. वृत्तपत्राचा कागद, म्हणजे न्यूजप्रिंट, शंभर वर्षांहून अधिक काळ याच लगद्यावर चालला. भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावरच्या नेपानगरात देशातला पहिला न्यूजप्रिंट कारखाना उभा राहिला. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. तिथला यांत्रिक लगदा सालईच्या लाकडाचा असे. अशा कागदात लिग्निन जागच्या जागी राहते आणि ऊन-हवा लागली की पिवळे पडते. खिडकीत दोन दिवस पडून राहिलेले वर्तमानपत्र रंग बदलते ते यामुळे.

लिहिण्याच्या कागदासाठी मात्र लिग्निन विरघळवावे लागते. त्याची जगभर रूढ असलेली पद्धत म्हणजे क्राफ्ट. कार्ल डाल या रसायनशास्त्रज्ञाने ती १८७९ मध्ये डान्झिग इथे, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कमध्ये, शोधली. या लगद्याचा कागद इतका चिवट निघाला की जर्मनमधला ताकदीसाठीचा शब्दच त्याला चिकटला. चिपरमध्ये लाकडाच्या चकत्या, म्हणजे चिप्स, करायच्या, त्या डायजेस्टर नावाच्या उंच बंद भांड्यात भरायच्या आणि व्हाइट लिकर सोडायची. व्हाइट लिकरमध्ये कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड असते. तापमान १६५ ते १७० अंश सेल्सिअस, आणि सोबत दाब. घरच्या प्रेशर कुकरचे तत्त्व इथे शेकडो घनमीटरच्या भांड्यात वापरलेले असते, आणि कारखान्याची माणसेही या कामाला कुकिंगच म्हणतात. लिग्निन विरघळले की भांड्यातला दाब एका झटक्यात ब्लो टँकमध्ये मोकळा केला जातो. त्या झटक्याने चिप्स फुटतात आणि तंतू सुटे होतात.

या क्षणी लाकडाचा जवळजवळ निम्मा भाग लगद्याबाहेर गेलेला असतो. तो धुऊन निघतो तीच ब्लॅक लिकर : दाट तपकिरी-काळी, फेसाळ, उग्र वासाची. विरघळलेले लिग्निन, तुटलेल्या शर्करा आणि वापरून झालेला सोडा असे सगळे तिच्यात असते. नदीत सोडली तर पाण्यातला प्राणवायू ती शोषून घेते आणि रंगाने पाणी काळे करते. पण तिच्यात अर्ध्या झाडाची ऊर्जा साठलेली आहे आणि महागड्या रसायनांचा जवळजवळ सगळा साठाही.

ही संपत्ती परत मिळवण्याच्या साखळीला केमिकल रिकव्हरी म्हणतात. कागद उद्योगातला सर्वांत देखणा शोध कोणता असे विचारले, तर प्रस्तुत लेखकाचे उत्तर हेच असेल. धुऊन आलेल्या पातळ लिकरमध्ये घनपदार्थ जेमतेम १५ टक्के असतात. बाष्पीभवन यंत्रांच्या रांगेतून ती ६५-७० टक्क्यांपर्यंत आटवतात आणि रिकव्हरी बॉयलरमध्ये फवारतात. सेंद्रिय भाग जळतो, त्यातून वाफ आणि वीज मिळते. सोडियमची संयुगे वितळून तळाशी लाल रस साचतो, त्याला स्मेल्ट म्हणतात. हा स्मेल्ट फार धोक्याचा. बॉयलरची एखादी नळी गळून पाणी त्यावर पडले, तर भीषण स्फोट होऊ शकतो, म्हणून गळतीची नुसती शंका आली तरी बॉयलर बंद करून माणसे बाहेर काढण्याची शिस्त असते. एरवी स्मेल्ट नियंत्रित धारेने पाण्यात विरघळवतात. हा द्रव हिरवट दिसतो, कारण त्यात लोहाच्या संयुगांचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. हीच ग्रीन लिकर. तिच्यात चुना टाकला की सोडियम कार्बोनेटचे पुन्हा कॉस्टिक होते आणि व्हाइट लिकर नव्या कुकिंगला तयार होते. खाली बसलेला चुन्याचा गाळ भट्टीत भाजला की पुन्हा चुना मिळतो. एका वर्तुळात दुसरे वर्तुळ. कॅनडाच्या टॉमलिन्सन यांनी १९३०च्या दशकात रिकव्हरी बॉयलरला आजचे रूप दिले. त्यानंतर क्राफ्टपुढे बाकीच्या पद्धती मागे पडत गेल्या. आधुनिक कारखाना ९५ टक्क्यांहून अधिक रसायने परत मिळवतो.

भारतात या वर्तुळात एक खडा अडकतो, तो सिलिकाचा. बांबूत तो असतो, गव्हाच्या काडात अधिक, भाताच्या पेंढ्यात सर्वाधिक. अल्कलीत तो विरघळतो, बाष्पीभवन यंत्रांच्या नळ्यांवर काचेसारखा थर धरतो आणि चुन्याच्या गाळात शिरून तो गाळ पुन्हा भाजण्याजोगा ठेवत नाही. शेतातला काडीकचरा वापरणाऱ्या लहान गिरण्यांना एवढा खर्चिक रिकव्हरी संच परवडतही नसे. त्यांची ब्लॅक लिकर वर्षानुवर्षे नाल्यांत आणि नद्यांत गेली. कागदाच्या इतिहासातले हे खरेखुरे दुखणे आहे. झाडे तोडण्यावर बोलले जाते, तितके यावर बोलले जात नाही. २००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांसाठी आणलेल्या सनदेत अशा गिरण्यांपुढे स्पष्ट पर्याय ठेवले गेले : रिकव्हरी बसवा, नाहीतर रद्दीपासून कागद बनवण्याकडे वळा. अनेकांनी दुसरी वाट धरली.

क्राफ्ट गिरणीच्या परिसरातला दर्प येतो तो व्हाइट लिकरमधल्या सल्फाइडमुळे. सल्फाइडची लिग्निनशी क्रिया होताना मिथाइल मरकॅप्टन तयार होते. स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळावी म्हणून त्यात मिसळतात ते इथाइल मरकॅप्टन याचेच भावंड. माणसाच्या नाकाला हवेच्या एक अब्ज भागांत याचे मोजके भागही जाणवतात, म्हणून वास पूर्णपणे घालवणे अवघड जाते.

कुकिंग कधी थांबवायचे, हा डायजेस्टर चालवणाऱ्याचा रोजचा प्रश्न. लवकर थांबवले तर लिग्निन उरते. फार शिजवले तर सेल्युलोजही तुटते आणि तंतू कमजोर होतात. इथे काप्पा नंबर कामी येतो. लगद्याचा नमुना पोटॅशियम परमँगनेटशी मिसळून लिग्निनने त्यातले किती खाल्ले ते मोजायचे. आलेल्या आकड्याला ०.१५ने गुणले की उरलेल्या लिग्निनची टक्केवारी ढोबळमानाने मिळते. काप्पा २० म्हणजे सुमारे तीन टक्के.

हे तीन टक्के ब्लीचिंगमध्ये जातात. ब्लीचिंगची लिपी अक्षरांची आहे. जुन्या भारतीय गिरण्यांत ‘सी-ई-एच’ चाले : क्लोरीन, मग अल्कलीने धुणे, मग हायपोक्लोराइट. १९८०च्या दशकात क्लोरीनने ब्लीच करणाऱ्या गिरण्यांच्या सांडपाण्यात डायॉक्सिन सापडले आणि जगभर ‘सी’ हे अक्षर पुसले जाऊ लागले. त्याची जागा ऑक्सिजनच्या ‘ओ’ने आणि क्लोरीन डायऑक्साइडच्या ‘डी’ने घेतली. पेरॉक्साइडचा ‘पी’ सोबत आला.

आता लगदा पांढरा आहे, पण कागद होण्याजोगा नाही. तंतू गुळगुळीत असतात, एकमेकांना धरत नाहीत. रिफायनरच्या धातूच्या पात्यांमध्ये ते चेचले जातात, त्यांची साल उसवते, सूक्ष्म केसर निघतात. पाणी उडाल्यावर या केसरांमध्ये हायड्रोजन बंध जुळतात आणि कागद धरून राहतो. कुठलाही गोंद लागत नाही. कागद पाण्यात विरघळल्यासारखा होतो तो हे बंध सुटल्यामुळे. लगदा किती चेचला, हे त्यातून पाणी किती सहज गळते यावरून मोजतात, त्या मापाला फ्रीनेस म्हणतात. फ्रीनेस अगदी खाली आणला की तंतू इतके जवळ येतात की मधली हवा उरत नाही, आणि कागद अर्धपारदर्शक होतो. ट्रेसिंग पेपर बनवण्याची एक जुनी रीत हीच.

पाणी काढण्याचे काम पेपर मशीनचे. हेडबॉक्समधून जो लगदा सरकत्या जाळीवर पडतो, त्यात ९९ टक्क्यांहून अधिक पाणी असते. जाळीला वायर म्हणतात. तिच्यातून गळते ते व्हाइट वॉटर, आणि ते पुन्हा लगद्यातच मिसळले जाते. वायरवर एका जागी चकाकी मावळते आणि ताव मंद दिसू लागतो. ती ड्राय लाइन. अनुभवी ऑपरेटर तिच्याकडे पाहूनच लगद्याचा कल ओळखतो. वायर संपते तेव्हा तावात घनपदार्थ वीस टक्क्यांच्या आसपास, प्रेस रोलनंतर चाळीस-पन्नास टक्के, आणि उरलेले पाणी वाफेने तापलेली ड्रायर सिलिंडरे उडवतात. वाफेचा सर्वाधिक खर्च इथे होतो, म्हणून प्रेसमध्ये काढलेले प्रत्येक टक्का पाणी कारखान्याला मोलाचे वाटते. ताव मध्येच तुटला तर निघालेले तुकडे ब्रोक म्हणून पुन्हा लगद्यात जातात.

या यंत्राची कल्पना लुई-निकोला रोबेर या फ्रेंच तरुणाची, पेटंट १७९९चे. लंडनच्या फोरड्रिनियर बंधूंनी ब्रायन डॉन्किन या अभियंत्याकरवी ते घडवले, १८०३ मध्ये चालवले आणि १८१० मध्ये दिवाळखोर झाले. यंत्राला नाव मात्र त्यांचेच राहिले. हातकागदाच्या खुणाही त्यावर शिल्लक आहेत. साच्याभोवतीच्या लाकडी चौकटीला डेकल म्हणत. आज ‘मशीनचे डेकल किती’ म्हणजे तावाची रुंदी किती. ओला ताव साच्यावरून लोकरीच्या फेल्टवर निजवणाऱ्या कारागिराची आठवण यंत्रातल्या काउच रोलच्या नावात उरली आहे. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात, जुन्नरला आणि पुण्याच्या कागदीपुऱ्यात शतकानुशतके असाच ताव उचलला गेला.

तुरटीचा आणि राळेचा प्रश्न कागदाच्या आयुष्याचा. शाई फुटू नये म्हणून कागदाला सायझिंग करतात. मोरित्स इलिश याने १८०७ मध्ये लगद्यातच राळ आणि तुरटी मिसळण्याची युक्ती प्रसिद्ध केली आणि ती सर्वत्र पसरली. तुरटीने कागद आम्लधर्मी होतो आणि दमट हवेत आम्ल सेल्युलोज तोडत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून छापलेली कितीतरी मराठी मासिके म्हणूनच आज हात लावताच तुकडे सोडतात. त्यांच्याहून जुने, हातकागदावरचे कितीतरी मोडी दस्त मात्र अजून घडी उलगडू देतात. गेल्या काही दशकांत गिरण्या अल्कलीधर्मी सायझिंगकडे वळल्या. त्यामुळे खडूची भुकटी फिलर म्हणून वापरता आली, कागद उजळला आणि टिकाऊही झाला.

वहीच्या वेष्टनावर जीएसएम छापलेले असते, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. ए-फोरची १६ पाने मिळून एक चौरस मीटर होते, तेव्हा ८० जीएसएमचे एक पान पाच ग्रॅमचे. धावत्या वायरवर तंतू बहुतांशी धावेच्या दिशेने निजतात. म्हणूनच वर्तमानपत्र एका दिशेने फाडले तर सरळ पट्टी निघते, दुसऱ्या दिशेने वेडीवाकडी. सरळ फाटणारी दिशा ती मशीन डायरेक्शन.

रद्दीवाल्याकडून निघालेला गठ्ठा गिरणीत गेला की पल्परमध्ये भिजतो. डीइंकिंगच्या टाकीत हवेचे बुडबुडे सोडतात, शाईचे कण त्यांना चिकटून वर येतात आणि फेसासोबत खरवडले जातात. चिकटपट्टी आणि पुस्तकबांधणीच्या गोंदाचे तुकडे मात्र सहज निघत नाहीत. गिरणीत त्यांना स्टिकीज म्हणतात, आणि ताव तुटण्यामागे ते वारंवार सापडतात. प्रत्येक फेरीत तंतू वाळून थोडा कडक होतो, पुन्हा पूर्वीइतका फुगत नाही. या प्रकाराला हॉर्निफिकेशन म्हणतात. साधारण पाच-सहा फेऱ्यांनंतर तो आखूड, बंध न धरणारा होतो, म्हणून रद्दीच्या लगद्यात अधूनमधून ताजा लांब तंतू मिसळावाच लागतो. लिहिण्याच्या कागदाला न चालणारा आखूड तंतू पुठ्ठ्याच्या मधल्या थरात आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये खपतो.