थायरॉईडची गोळी बदलताना

थायरॉईडची गोळी सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, ही आता जन्मभर घ्यायची का?" गोळी चिमुकली, किंमतही थोडी, पण 'जन्मभर' हा शब्द जड वाटतो. मग कुणी दुसऱ्या कंपनीची गोळी सुचवतं, कुणी आयोडीनच्या कॅप्सूल आणून देतं, तर कुणी तीन महिन्यांत गोळी सोडवण्याची हमी देतं. मंडळी, औषध बदलण्याआधी ते शरीरात काय करतं, हे समजून घेऊ या.

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड, म्हणजे अवटू ग्रंथी असते. ती मुख्यतः टी-४ हे संप्रेरक तयार करते. शरीर गरजेप्रमाणे त्याचं टी-३ करून घेतं आणि प्रत्यक्ष काम हे टी-३ करतं. ग्रंथी मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी जास्त टीएसएच सोडून तिला कामाला लावू पाहते. म्हणूनच थायरॉईड कमी पडला की तपासणीत टीएसएच वाढलेला दिसतो. नेहमीची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, हे प्रयोगशाळेत बनवलेलं टी-४च आहे. ती ग्रंथी दुरुस्त करत नाही. कमी पडतं तेवढं बाहेरून पुरवते.

आता महत्त्वाची गोष्ट. रक्तातलं टी-४ निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे आज गोळी बंद केली तर उद्या काहीच जाणवत नाही. एक-दोन आठवडे ठीक जातात. याच काळात दुसरं औषध सुरू केलेलं असेल, तर "गोळी सोडली तरी बरं वाटतंय, गुण आला!" असा समज होतो. खरं तर आधीची शिल्लक खर्च होत असते. मग थकवा, बद्धकोष्ठता, अंगावर सूज, थंडी न सोसणं हळूहळू परततं.

कंपनी किंवा मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासतात, तेही यामुळेच. हे औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजलं जातं आणि दोन कंपन्यांच्या गोळ्यांतून रक्तात पोहोचणाऱ्या प्रमाणात थोडा फरक असू शकतो. कंपनी बदलणं गैर नाही. पण दुकानात दर वेळी मिळेल ती बाटली आणणं टाळावं. आणि गोळीला दोष देण्याआधी ती घेतो कशी, हे पाहावं. ती उपाशीपोटी, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवायच्या. केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिनमुळे तर रक्ततपासणीचे आकडेच चुकू शकतात.

थेट टी-३ची गोळीही असते. टीएसएच ठीक असूनही काहींना बरं वाटत नाही, अशा मोजक्या रुग्णांना तज्ज्ञ ती देऊन पाहतात. तिच्या किमतीची कथा मात्र बोलकी आहे. ब्रिटनमध्ये २००९ साली २० पौंडांना मिळणारं पाकीट २०१७ पर्यंत २४८ पौंडांवर गेलं. २०२१ मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने ही वाढ बेकायदा ठरवून कंपनीला आणि तिच्या पूर्वीच्या मालकांना दंड केला. अमेरिकेत डुकराच्या ग्रंथीपासून केलेल्या गोळ्या 'नैसर्गिक' म्हणून घेतल्या जातात. कल्पना जुनीच आहे. १८९१ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका रुग्णेला बरं केलं होतं. पण डुकराच्या ग्रंथीत टी-३चं प्रमाण माणसाच्या मानाने बरंच जास्त असतं, म्हणून धडधड वाढण्याचा धोका असतो.

आपल्याकडे नेहमीची गोळी दिवसाला दोन रुपयांच्या आसपास पडते. 'गोळी सोडवणारे' उपचार याच्या कितीतरी पट महाग असू शकतात. जादा आयोडीनने तर मंद ग्रंथी आणखी मंदावू शकते. टीएसएच थोडाच वाढलेला असेल, तर तो काही जणांत आपोआप उतरतो. बाळंतपणानंतरचा बिघाडही पुष्कळदा निवळतो. अशांची गोळी डॉक्टरच थांबवतात. श्रेय मात्र त्या वेळी चालू असलेल्या दुसऱ्या उपचाराला मिळतं!

गर्भारपणात मात्र कुठलाही प्रयोग नको. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते आणि गोळीची गरज बहुधा पाव भागाने किंवा अधिक वाढते. दिवस राहिल्याचं कळताच तपासणी करून घ्यावी.

दुसरा उपचार करून पाहायचाच असेल, तर डॉक्टरांना सांगून, चालू गोळी न थांबवता करावा आणि आठ आठवड्यांनी टीएसएच पाहावा. हमी देणाऱ्याला एकच विचारावं, "गोळी सोडल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी माझा रिपोर्ट काय येईल?"